नाही म्हणायची सोय

व्हिडिओ चार मिनिटं वीस सेकंदांचा आहे. पहिलं मिनिटभर त्यात कुणी बोलत नाही. सीएनसी मशीनचं दार सरकतं, एक हात आत जातो, चकमधला तयार जॉब काढतो, एअरगनने चिप्स उडवतो, नवा जॉब बसवतो, दार ओढतो, हिरवं बटण दाबतो. मग शेजारचं मशीन. तिथंही तेच. मग परत पहिलं. कॅमेरा जागचा हलत नाही. मिनिट संपलं की पडद्यावर ओळ येते : ‘पाळीत हेच काम आठ तास, उभ्यानं.’

चाकणच्या ज्या कंपनीत मी एचआरचं काम बघते, तिथं आम्ही हा व्हिडिओ ट्रेनी ऑपरेटरच्या भरतीसाठी बनवला. मागच्या सुट्टीत कराडला गेले तेव्हा तो मामांना दाखवला. मामांची सगळी नोकरी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचे निदेशक म्हणून झाली. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या एमआयडीसींत त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आहेत. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला, चष्मा काढून ठेवला, आणि संध्याकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत आम्ही दोघं याच विषयावर बोलत राहिलो. आमचं सगळं जुळलं नाही. तरीही ते बोलणं इथं मांडते आहे, कारण गावाकडून नोकरीसाठी निघणाऱ्या प्रत्येक पोराशी आणि त्याला बोलावणाऱ्या प्रत्येक कंपनीशी त्याचा संबंध आहे.

मामा : एक सांग, हा व्हिडिओ बघून पोरगा येईल कशाला? तू त्याला बोलावते आहेस की हाकलते आहेस?

मी : ज्याला हे जमणार नाही, त्याला ते घरी बसूनच कळावं म्हणून बनवलाय. मागच्या वर्षी परभणीकडचा एक मुलगा आला होता. मशिनिस्ट, मार्क चांगले. चौथ्या दिवशी कामावर आलाच नाही, फोनही बंद. खोलीवरच्या पोरांनी त्याचे सेफ्टी शूज माझ्या टेबलापाशी आणून ठेवले. आत मोजे गुंडाळून नीट ठेवलेले. आठवड्यानं त्याचाच फोन आला. म्हणाला, “मॅडम, बसायला स्टूल नसतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.”

मामा : एवढ्यासाठी गेला?

मी : एवढ्यासाठी नाही गेला. पहिल्या दिवशी स्टूल नाही, दुसऱ्या दिवशी कळलं की रात्रपाळी दर तिसऱ्या आठवड्याला येणार, तिसऱ्या दिवशी कळलं की पगाराचा जो आकडा सांगितला होता तो कापण्याआधीचा. रोज एक नवी गोष्ट कळत गेली. कॉट बेसिसवर खोली घेतली होती, तिचं डिपॉझिट बुडालं. येण्याजाण्याचं भाडं गेलं. गावात ‘पळून आला’ असं नाव झालं. आणि आमच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढं मी ‘ॲबस्कॉन्डिंग’ असं लिहिलं. मामा, तो फरार नव्हता झाला. आम्ही जे लपवलं होतं ते कळल्यावर तो घरी गेला होता.

मामा : पण माझ्या वर्कशॉपमध्येही पोरं उभीच राहतात की. लेथवर बसून कोण काम करतं?

मी : तुमच्याकडं एका लेथवर चार पोरं असतात. एक चालवतो, तिघं बघतात. दोन दिवस खपून एक जॉब होतो. ड्रॉइंग वाचायचं, टूलला धार लावायची, मापं घ्यायची, चुकलं तर पुन्हा करायचं. त्या जॉबवर पोराचं नाव असतं. आमच्याकडं प्रोग्राम दुसऱ्यानं लिहिलेला, टूल दुसऱ्यानं लावलेलं, आणि पोरानं फक्त जॉब घालायचा आणि काढायचा. पाळीला शेकड्यांनी. तुम्ही त्याला कारागीर करून पाठवता आणि आम्ही त्याला लोडिंग-अनलोडिंगला उभं करतो. दोन वर्षं शिकताना त्यानं मनात जे चित्र रंगवलेलं असतं, ते पहिल्याच पाळीत पुसलं जातं.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे दुखणं खरं आहे. पोरं सुट्टीला भेटायला यायची तेव्हा हेच सांगायची, आणि मी त्यांना सांगायचो, धीर धर.”

मी : धीर धरायला माझी ना नाही. पण कशासाठी धीर धरायचा ते आधी कळायला हवं. आणि ही कल्पना काही माझी नाही. १९५६ साली अमेरिकेत जोसेफ वाइट्झ यांनी आयुर्विमा एजंटांवर एक प्रयोग केला. काही उमेदवारांना एजंटाचा दिवस खरोखर कसा जातो हे सांगणारी पुस्तिका दिली, काहींना दिली नाही. पुस्तिका वाचून आलेल्यांत काम सोडणारे कमी निघाले. पुढं १९७३ मध्ये जॉन वानस यांनी टेलिफोन ऑपरेटर मुलींच्या भरतीत हेच फिल्म दाखवून केलं. एका गटाला कंपनीची नेहमीची छान छान फिल्म दाखवली. दुसऱ्या गटाच्या फिल्ममध्ये सांगितलं होतं की काम एकसुरी आहे, सुपरवायझरची बारीक नजर असते, चुकलं तर बोलणी बसतात आणि चांगलं केलं तर कुणी पाठ थोपटत नाही. खरी फिल्म बघूनही नोकरी नाकारणाऱ्यांची संख्या वाढली नाही. पण रुजू झाल्यावर सोडून जायचा विचार त्या मुलींच्या मनात कमी आला.

मामा : फरक किती पडला? आभाळ-जमिनीचा?

मी : नाही. थोडाच. १९९८ मध्ये जीन फिलिप्स यांनी असे चाळीस अभ्यास एकत्र करून तपासले. त्यातही फरक दिसला, पण तो बेताचाच होता. व्हिडिओ दाखवला आणि पोरं चिकटून राहिली, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

मामा : मग बेताच्या फरकासाठी एवढा खटाटोप कशाला? आता माझं म्हणणं ऐक. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही पोरांना नावं ठेवायला म्हणत नाहीत. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे, बहिणीच्या लग्नाचं कर्ज आहे, त्याला तू हजार वेळा सांग की उभं राहावं लागतं, रात्रपाळी आहे, तेलाचा वास आहे. तो येणारच. त्याच्यापुढं दुसरं ताट आहेच कुठं? तुझा व्हिडिओ बघून नाही म्हणणारा पोरगा घरचा बरा असेल. उरलेल्यांसाठी हा व्हिडिओ म्हणजे नुसती सूचना.

हा मुद्दा मला लागला, आणि अजूनही तो पुरता खोडून काढता आलेला नाही. पण त्याचं अर्धं उत्तर माझ्यापाशी होतं.

मी : येणारच असेल तर निदान तयारीनं येऊ दे. लस टोचल्यावर जसा थोडा ताप येतो आणि पुढचा मोठा आजार टळतो, तसं काहीसं यात होतं. अभ्यासकांनीही हीच उपमा वापरली आहे. पायांना गोळे येणार हे माहीत असलेला पोरगा पहिल्या आठवड्यात गोळे आले तर घाबरत नाही. त्याला वाटत नाही की आपल्यालाच जमत नाही. ‘हे सगळ्यांना होतं, पंधरा दिवसांनी पाय बसतात,’ असं आमच्या व्हिडिओत एक जुना ऑपरेटर सांगतो. लातूरकडचा आहे, आपल्या बोलीत बोलतो. ती एक ओळ माझ्या इंडक्शनच्या दोन तासांपेक्षा जास्त कामाची आहे. आणि गरजवंतालाही थोडी निवड असतेच, मामा. चाकण की रांजणगाव, मशीन शॉप की वेल्डिंग, कंपनीची बस असलेली की नसलेली. आज ही निवड तो खोलीवरच्या मित्राच्या सांगण्यावरून करतो.

मामा : किंवा त्या रील्सवरून. माझ्या फोनवर पोरं पाठवतात. मागं गाणं, पुढं काचेची इमारत, ‘जागा भरणे आहे, राहणं-जेवण फ्री, आजच फोन करा’. कंपनीचं नावही धड नसतं.

मी : तेच म्हणते मी. व्हिडिओ आज आहेतच. खोटे आहेत. आपण खरा नाही बनवला म्हणून पोरगा काही बघायचं सोडत नाही, तो तेवढा खोटाच बघतो. आमच्याकडंही आधी एक एजन्सी आली होती. वरून ड्रोननं प्लांट, लॉनवर हसणारी माणसं, भारदस्त आवाजात हिंदी निवेदन. ‘एक परिवार’ वगैरे. त्यात मशीन दोनदा दिसलं, तेही बंद असलेलं. मी म्हटलं, हे गिऱ्हाइकाला दाखवा. पोरांसाठी आमच्याच माणसाला शूट करू द्या. आमच्या शॉपमध्ये फोन न्यायला बंदी आहे. गेटवर कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, कारण पार्ट गिऱ्हाइकाचे. त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागली, कुठला पार्ट दिसला तर चालेल ते ठरवावं लागलं. महिना त्यातच गेला. पण शूटिंग केलं ते रोज त्या मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसानं. कुठं बघायचं ते त्याला माहीत होतं.

मामा : काय बघितलं त्यानं?

मी : दोन मशीनच्या मधली फरशी. कूलंट सांडून ओली झालेली. त्यानं कॅमेरा खाली वळवला आणि बुटाचा तळवा कसा सरकतो ते दाखवलं.

मामा : व्हिडिओत ते दिसलं नाही मला.

मी : काढलं.

मामा : बघ! इथंच माझी खरी हरकत आहे. कॅमेरा जे दाखवतो ते कुणीतरी ठरवलेलं असतं. मुलगी बघायला येणार म्हटलं की घराला रंग देतात, गळकी बाजू पाहुण्यांना दाखवत नाहीत. तुमचंही तेच झालं. खरं सांगायचं, पण सोसेल तेवढंच.

मी : काढलं, कारण आता ती फरशी तशी नाही. प्लांट हेडनं तो शॉट बघितला आणि म्हणाले, हे दाखवू नका. मी म्हटलं, दाखवायचं नसेल तर दुरुस्त करू. मशीनचे गार्ड बदलले, खाली जाळीच्या रबरी मॅट टाकल्या. त्या मॅट व्हिडिओत आहेत, ऑपरेटर त्यांवर उभा आहे बघा. ते साहेब रोज त्या फरशीवरून चालत होते, आणि तरी ती त्यांना दिसली ती पडद्यावर. बाहेरच्या पोराला आपलं घर दाखवायचं ठरवलं की आधी आपल्यालाच ते नीट दिसतं.

मामा : हे चांगलं झालं. पण दर वेळी असं होणार नाही. सोपा रस्ता उलटा आहे. शेडमध्ये पंखे बसवायला पैसे लागतात, ‘उन्हाळ्यात शेडमध्ये गरम होतं’ ही ओळ फुकट आहे. एकदा व्हिडिओत सांगून टाकलं की पोरानं तोंड उघडायची सोय राहिली नाही. “तुला आधीच दाखवलं होतं, तू हो म्हणून आलास.” खरं बोलणं ही ढाल होऊन बसते, पोरी.

मामांचा हा आक्षेप मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. अशा व्हिडिओच्या बाजूनं बोलणारे आम्ही लोक खरेपणाचं कौतुक करतो, पण खरेपणाचा असाही वापर होऊ शकतो हे बोलत नाही. मी त्यांना म्हटलं की सांगायच्या गोष्टींचे दोन ढीग करायला हवेत. पाळी, उभं राहणं, आवाज, तोच तोचपणा हा कामाचा स्वभाव आहे. तो सांगावा. पण निसरडी फरशी, बंद पडलेला वॉटर कूलर, शिव्या देणारा सुपरवायझर हा कामाचा स्वभाव नाही, तो आमचा दोष आहे. दोष व्हिडिओत सांगून माफ होत नाही. तो आधी काढायचा, मग कॅमेरा लावायचा. मामांनी मान हलवली, पण लगेच पुढचं काढलं.

मामा : तरी व्हिडिओतून वास येत नाही. कूलंटचा वास कपड्यांतून आठवडाभर जात नाही, हे कसं दाखवशील? रात्री तीन वाजता डोळे कसे मिटतात ते? माझं ऐक, पोराला समोर उभं कर. आमच्या वेळी मी पोरांची सहल न्यायचो कंपनीत. एका फेरीत वीसपैकी चार-पाच जण परतीच्या एसटीत म्हणायचे, सर, हे आपलं काम नव्हे. बाकीच्यांचे डोळे चमकलेले असायचे. दोन्ही प्रकारची पोरं शहाणी होऊन परत यायची.

मी : कराडहून चाकणला सहल येईल. जतहून? किनवटहून? एका दिवसाचं भाडं, वर बुडालेली मजुरी. व्हिडिओ तिथं पोचतो आणि फुकट पोचतो. आणि तो एकटा पोरगा बघत नाही, सगळं घर बघतं. आमच्याकडच्या एका ऑपरेटर ताईंनी व्हिडिओत फक्त तीन गोष्टी सांगितल्यात : बस कुठल्या चौकातून किती वाजता सुटते, मुलींसाठी कपडे बदलायची खोली कुठं आहे, आणि पाळी सुटल्यावर खोलीवर पोचेपर्यंत किती वाजतात. एका मुलीच्या आईचा मला फोन आला. तिनं कामाबद्दल काही विचारलं नाही. ‘त्या खोलीला आतून कडी आहे का,’ एवढंच विचारलं. मी जाऊन बघितलं, मग सांगितलं. हे प्रश्न मुलाखतीला मुलगी विचारत नाही. व्हिडिओ बघून घरातून येतात.

मामा : मग दोन्ही कर. आधी व्हिडिओ, आणि जो येतो म्हणेल त्याला एक पूर्ण पाळी शॉपमध्ये राहू दे. मशीनला हात न लावता, जुन्या ऑपरेटरच्या शेजारी. त्या दिवसाचं भाडं आणि जेवण कंपनीनं द्यायचं. पोलीस भरतीचं बघ. गावागावात पोरं पहाटे उठून पळतात, कारण त्यांना माहीत आहे : १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. काय करायचं आहे ते डोळ्यांसमोर आहे म्हणून ती तयारी करतात. कंपनीच्या नोकरीची तयारी कुणी करत नाही, कारण आत काय आहे तेच कुणाला ठाऊक नाही.

ही सूचना मी जशीच्या तशी उतरवून घेतली. मग मी त्यांना माझ्यापुढचा दुसरा प्रश्न सांगितला. आमच्याकडं वरून विचारणा झाली आहे की आपण व्हिडिओ दाखवतोच आहोत, तर उमेदवारांकडूनही एकेक मिनिटाचा व्हिडिओ मागवू. ‘स्वतःविषयी सांगा.’ म्हणजे दोनशे पोरांना बोलवायला नको, फोनवर बघून वीस जण निवडता येतील. मामांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

मामा : अजिबात नको. माझ्याकडं एक पोरगा होता, बोलताना अडखळायचा. तोंडी परीक्षेला त्याला घाम फुटायचा. पण बोअर असा काढायचा की गो गेज स्वतःच्या वजनानं आत उतरायचा आणि नो-गो तोंडाशीच अडायचा. त्याचं एक मिनिट तू बघितलं असतंस तर काय केलं असतंस?

मी : पुढच्या पोराकडं गेले असते. माझी चूक कळलीही नसती.

मामा : आणि मागची भिंत दिसेल. पत्र्याची आहे की रंग दिलेली. कपाळ दिसेल, टोपी दिसेल, रंग दिसेल, बोली ऐकू येईल. बघणारा म्हणेल मी काही बघत नाही, पण डोळे बघतातच.

मी : पाश्चात्त्य देशांतल्या वाद्यवृंदांनी यावर उलटा उपाय काढला, मामा. बॉस्टनच्या सिम्फनी वाद्यवृंदानं १९५२ मध्ये वादकांची निवड पडद्याआडून करायला सुरुवात केली, पुढं बऱ्याच वाद्यवृंदांनी ती पद्धत घेतली. निवडणाऱ्यांना वादक दिसतच नाही, फक्त वादन ऐकू येतं. बाईच्या टाचांचा आवाज येऊ नये म्हणून कुठं गालिचा टाकतात, कुठं बूट काढायला सांगतात. जिथं कौशल्य मोजायचं आहे तिथं त्यांनी चेहरा झाकला. आणि आपण चेहरा मागवतो आहोत.

मामा : आणि आता तर म्हणे संगणकच तोंड बघून मार्क देतो.

मी : तसा प्रयत्न झाला. अमेरिकेतल्या हायरव्ह्यू या व्हिडिओ-मुलाखतीच्या कंपनीनं चेहऱ्यावरच्या हावभावांचं विश्लेषण वापरलं होतं. बरीच टीका झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये ते बंद केल्याचं कंपनीनं जाहीर केलं. इलिनॉय राज्यात तर २०२० पासून कायदाच आहे : व्हिडिओ-मुलाखत कृत्रिम बुद्धिमत्तेनं तपासणार असाल तर उमेदवाराला आधी सांगा, त्याची संमती घ्या, आणि त्यानं मागणी केली तर ३० दिवसांत व्हिडिओ पुसून टाका.

मामा : मग तू वरच्यांना काय सांगणार?

मी : सांगणार की कंपनीनं पोराला दाखवावं, पोरानं कंपनीला नाही. आपल्याला त्याच्याबद्दल जे कळायला हवं ते व्हर्नियर हातात दिल्यावर दहा मिनिटांत कळतं. त्याला आपल्याबद्दल जे कळायला हवं ते आत आल्याशिवाय कळायचा दुसरा मार्गच नाही. अंधारात तो आहे, दिवा त्याच्या हातात द्यायला हवा.

मला वाटलं, इथं आमचं जुळलं. मामींनी पानं घेतली होती, मामा उठलेही होते. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातला फोन मागितला, व्हिडिओ तिसऱ्यांदा लावला आणि शेवटापर्यंत उभ्यानं बघितला. शेवटी पगाराची पावती येते. एकूण आकडा, मग कँटीन आणि बाकीच्या कपाती, आणि हातात येणारी रक्कम. त्या पावतीवर मी खूप भांडले होते, तिचा मला अभिमान आहे.

मामा : सगळं दाखवलंस. हात दाखवलेस, पाय दाखवलेस, पावती दाखवलीस. किती दिवसांची नोकरी आहे ते कुठं आहे?

मी गप्प राहिले.

मामा : अप्रेंटिस म्हणून घेता ना? मुदत संपली की किती जणांना ठेवता आणि किती जणांना घरी पाठवता? पोरगा मला हेच विचारतो. उभं राहायचं तो राहील, वासही सोसेल. त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं असतं की वर्षभर सोसल्यावर पुढं दार आहे की भिंत. तुझ्या परभणीच्या पोरानं स्टुलाबद्दल विचारलं, कारण तेवढंच विचारायचं धाडस त्याला झालं.

खरं म्हणजे ती ओळ आमच्या पहिल्या मसुद्यात होती : ‘ही शिकाऊ उमेदवारी आहे. मुदत एक वर्ष. पुढे कायम करण्याची हमी नाही.’ चर्चेत ती गळली. ‘एवढं लिहिलं तर कोण येईल?’ असं म्हटलं गेलं आणि मी फार ताणलं नाही, कारण पावती राहू द्यायची होती. कायदा आमच्या बाजूनं आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार शिकाऊ उमेदवाराला पुढं नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. २०१४ च्या दुरुस्तीनं एवढंच सांगितलं की अशा उमेदवारांना कामावर घेण्याबाबत कंपनीनं आपलं धोरण ठरवावं. पण कायदा आमच्या बाजूनं असणं आणि पोराला ते माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वानस यांच्या फिल्ममध्ये सुपरवायझरची नजर होती, कंटाळा होता. आमच्या व्हिडिओतही तेच आहे. आम्ही शरीराचं खरं सांगितलं आणि भवितव्याचं लपवलं. मामा म्हणाले ते बरोबर होतं : सोसेल तेवढंच खरं आम्ही सांगितलं होतं, आणि ते कुणाला सोसेल तर आम्हाला.

जेवताना मी त्यांना म्हटलं, “व्हिडिओ पाठवू का तुमच्या फोनवर? तुमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाका, आयटीआयतली पोरं बघतील.”

मामा म्हणाले, “आत्ता नको. ती ओळ घाल, मग पाठव. माझ्या नावानं गेला की पोरं विश्वास ठेवतात.”

परत आल्यावर मी दोन ओळी लिहून प्लांट हेडकडं गेले. पहिली मुदतीची आणि हमी नसल्याची. दुसरी मागच्या तुकडीची : किती आले, किती जणांना ठेवलं. त्यांनी दोन्ही वाचल्या. पहिलीला होकार दिला. दुसरीवर म्हणाले, “हा आकडा दाखवायचा तर तो आधी दाखवण्यासारखा करावा लागेल.” त्या फरशीच्या वेळी आम्ही नेमकं हेच केलं होतं. फरशी पंधरा दिवसांत झाली होती. याला वर्ष लागेल, कदाचित जास्त, आणि मी ते धरून ठेवणार आहे. नोकरीसाठी घर सोडणाऱ्या पोराला आपण फारसं काही देऊ शकत नाही. निदान घर सोडायच्या आधी, आईवडिलांजवळ बसून, सगळं माहीत असताना नाही म्हणायची सोय तरी देऊ शकतो. मग तो हो म्हणेल ते त्याचं स्वतःचं असेल.

पहिली ओळ व्हिडिओत आली आहे. दुसरीची जागा मी मोकळी ठेवली आहे. मामांना अजून तो पाठवलेला नाही.